मॅचच्या सकाळची दाढी

तुझ्या आईच्या मामाला तू बघितलं नाहीस. कपाटावरच्या फोटोत आहे तो, वरच्या खिशात कंगवा खोचलेला. माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचे आणि अख्खी गल्लीही त्याला दादाच म्हणायची, त्याच्यापेक्षा म्हातारे होते तेसुद्धा. एका हॉकीच्या सीझनमध्ये हा माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत, घरात असूनसुद्धा, जवळजवळ हरवला होता. तेच तुला सांगायचंय. हसू नको, लिही.

आधी दुकान लिही, कारण सगळं दुकानातच झालं. पुढे दादाचं केस कापायचं दुकान, मधे पडदा, पडद्यामागे आमच्या दोन खोल्या. तुझे आजोबा गेले तेव्हा तुझी आई नुकती रांगायला लागली होती. तिला काखेत मारून मी भावाकडे आले ती तिथलीच झाले. दुकानाचे टॉवेल धुवायचे, गच्चीवर वाळत घालायचे, गरम पाण्याचं पातेलं चढतं ठेवायचं, हे माझं काम. दादाने लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढला की म्हणायचा, हा सीझन संपू दे. सीझन संपायचा आणि नवा लागायचा, त्यात त्याचे केस पांढरे व्हायला लागले. तुझ्या आईला मात्र पोटच्या पोरीसारखं वागवलं. तिला दुकानातल्या फळीवर बसवून तिच्या बाहुलीचे केस कापून द्यायचा. त्या बाहुलीला शेवटी टक्कल पडलं.

आमच्या गच्चीवरून स्टेडियमचं छप्पर दिसायचं. हॉकीचं मैदान हिरव्या गालिच्यासारखं असतं, त्याला टर्फ म्हणतात, आणि मॅचच्या आधी त्यावर पाणी मारून ते ओलं करतात म्हणजे बॉल सरकन पळतो. ते पाणी मारलं की त्याचा ओला, रबरासारखा वास वाऱ्याबरोबर आमच्या टॉवेलांना लागायचा. आपल्या टीमचे शर्ट पिवळे. सगळे त्यांना पिवळेच म्हणायचे. घरच्या मैदानावर मॅच असली की दादा दुपारी दुकान बंद करून पिवळा मफलर गुंडाळून निघायचा, आणि बेंचच्या बरोबर मागच्या रांगेत, कोचच्या मानेमागे, त्याची जागा ठरलेली.

आता कोचचं सांगते. त्याला लोकांनी मौनीबाबा नाव ठेवलं होतं. मॅच चालू असताना दुसरे कोच नुसते थयथयाट करतात, पाण्याच्या बाटल्या फेकतात. हा आपला मांडीवर हात ठेवून बसलेला. गोल झाला तरी तसाच, गोल खाल्ला तरी तसाच. पण पोरांना सगळं माहीत असायचं, कोणी कुठे पळायचं, कोणी कुठे थांबायचं. लोकांना कोडं पडायचं की हा माणूस शिकवतो तरी कधी.

मला माहीत होतं तो कधी बोलतो ते. घरच्या मॅचच्या सकाळी तो दाढी करायला आमच्याकडे यायचा. दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही त्याला. दादा शटर अर्धं खाली ओढून ठेवायचा, आणि तो बाहेर पडेपर्यंत बाकी कुणाला आत घ्यायचा नाही, मग बाहेर मंत्री येवो. दुकानात एक जड लोखंडी खुर्ची होती, पायाने दांडा दाबला की वर चढणारी. मौनीबाबा अंगाने भरलेला. तो बसला की खुर्ची हळूच खाली जायची आणि फुस्स करून सुस्कारा टाकायची. गालाला साबण लागला, डोळे मिटले, की त्याच्या तोंडाला पाझर फुटायचा. घसा खाकरायचा आणि सुरू. "समजा," म्हणायचा. प्रत्येक वाक्याच्या आधी समजा. समजा ते डावीकडून आले, समजा बगळा, हे आपल्या एका खेळाडूचं टोपणनाव, मागे राहिला, समजा त्यांचा गोलकीपर लवकर खाली बसला. अख्खी मॅच डोळे मिटून खेळून घ्यायचा. दादा फक्त हं, हं करायचा आणि वस्तरा चालवायचा. खुर्चीतलं बोलणं त्याने बाहेर कधी नेलं नाही. पडद्यामागे मी टॉवेल पिळता पिळता ऐकायचे ते वेगळं.

जाताना मौनीबाबा पडद्याकडे मान करून म्हणायचा, "बाई, टॉवेल छान गरम होता." बस, माझं त्याचं एवढंच.

हा माणूस नवा सीझन लागायच्या तोंडावर गेला. झोपेतच गेला. त्याच्या बायकोने दादाला निरोप धाडला, म्हणाली ह्यांच्या तोंडाला दुसऱ्या कुणाचा हात नको, शेवटची दाढी तुम्हीच करा. दादा सामान घेऊन गेला. परत आला तो दुकानात न थांबता थेट मागे माझ्याकडे येऊन पाटावर बसला. पाणी दिलं तर ग्लास तसाच हातात.

"काय झालं," मी विचारलं.

"काही नाही गं. सवयीने मी हं म्हणालो."

"मग?"

"मी हं म्हणालो, आणि माझ्या बोटांखाली त्याचा जबडा हलला."

मी म्हटलं, तुझाच हात थरथरला असेल, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, हो, तसंच असेल. पण त्या दिवशी त्याने वस्तरा धुतला नाही. फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला. दादा घरातला केर एक वेळ तसाच ठेवील, पण वस्तरा न धुता ठेवणारा माणूस नव्हता तो.

नवा कोच आला. तरणा, शिकलेला, सतत हातात ती टॅबची पाटी. म्हणून त्याचं नाव पाटीवाला. वाईट नव्हता पोरगा. पण त्याचं म्हणणं, सगळ्यांनी पुढे तुटून पडायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. पहिल्या मॅचला आपले दहाच्या दहा जण बॉलमागे कोंबड्यांसारखे धावले, समोरच्यांनी एक लांब फटका मारला आणि मागे आपला गोलकीपर एकटाच, पाहुण्यांची वाट बघत बसल्यासारखा. हरलो. पुढची हरलो. बेंचवर मौनीबाबाची खुर्ची पोरांनी रिकामी ठेवली होती, पाटीवाला तिच्या शेजारी उभा राहून ओरडायचा, आणि पोरं धावता धावता बघायची ती त्या रिकाम्या खुर्चीकडे.

दुकानात तर रोज दरबार. बसचा कंडक्टर यायचा, त्याची जीभ फार तिखट. खुर्चीत बसता बसता म्हणायचा, "दादा, आज अर्धीच दाढी कर. उरलेली हरल्यावर माझी मीच उपटतो." औषधाच्या दुकानवाला म्हणायचा, पाटीवाल्याला माझ्याकडे पाठवा, झोपेची गोळी देतो, तो झोपला तरच टीम जिंकेल. हे सगळं चालायचं आणि दादाही आधी त्यात हसायचा. एक दिवस मात्र हसता हसता गप्प झाला. कंडक्टरच्या गालावर वस्तरा धरलेला, आणि आरशाकडे बघत घसा खाकरून म्हणाला, "समजा, बगळा मागे राहिला."

बगळा म्हणजे आपला कॅप्टन. उंच, काटकुळा, बॉलवर वाकला की अगदी पाण्यातला बगळा. दादा बोलतच राहिला. समजा बगळा मागे राहिला आणि डावीकडचा पोरगा पुढे सुटला, तर त्यांचे दोघं त्याच्यामागे जातील, मधे वाट पडेल. आवाज दादाचाच होता. पण बोलणं असं सावकाश, मिटल्या डोळ्यांचं. कंडक्टर उठला तेव्हा मला पडद्याशी येऊन म्हणाला, ताई, दादाला जरा विश्रांती द्या, हवा बदल करून आणा. चेष्टा नव्हता करत.

आणि नेमका बगळा तेव्हा केस कापायला आत बाकावर बसलेला.

पुढच्या मॅचला बगळा मागे राहिला. पाटीवाला बाहेरून ओरडतोय, पुढे जा, पुढे जा, पण हा जागचा हलेना. डावीकडचा सुटला, मधे वाट पडली, गोल. सीझनमधली पहिली मॅच जिंकलो. मी गच्चीवर टॉवेल काढत होते, तिथपर्यंत तो कल्लोळ आला.

त्यानंतर बगळा घरच्या प्रत्येक मॅचच्या सकाळी यायला लागला. दादाने जुना शिरस्ता पुन्हा सुरू केला होता. शटर अर्धं खाली, आत दुसरं कुणी नाही. मला सांगितलं, माणसाच्या आठवणीसाठी करतोय. मी म्हटलं, कर बाबा, त्यात काय. पण एकदा पडदा बाजूला करून बघितलं. दादाने लोखंडी खुर्चीला पांढरा कपडा घातला होता, माणसाच्या गळ्याशी बांधतो तसा डोकं टेकायच्या उशीशी बांधून. मग गरम टॉवेल ठेवला. ब्रशने फेस काढला. आणि वस्तरा घेऊन हवेत, अगदी बारीक हाताने, कानापासून खाली, हनुवटीला वळसा घालून, ओठावर नाक जरा वर उचलावं तसं दोन बोटांनी धरून. मधून मधून हं, हं. बगळा बाकावर गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत बसलेला, आणि दादा थोड्या थोड्या वेळाने त्याला सांगतोय, समजा असं, समजा तसं. कुणाला सांगायला जाऊ? सगळे म्हणाले असते, जिंकतायत ना, मग बाईच्या पोटात का दुखतंय.

आणि जिंकत होतेच. पेपरात पाटीवाल्याचा फोटो आला, नव्या कोचची जादू. बिचाऱ्याला स्वतःला कळत नव्हतं की त्याने काय केलं. कंडक्टर म्हणाला, त्याची पाटी आता देवळात ठेवा.

मी मात्र इकडे वेगळंच बघत होते. मॅचच्या दिवशीचे टॉवेल धुवायला घेतले की साबणाच्या पाण्यावर बारीक बारीक पांढरे केस तरंगायचे. दाढीचे, खुंट. पहिल्यांदा वाटलं कालच्या गिऱ्हाइकाचे राहिले असतील. मग मी आदल्या दिवशीच सगळे टॉवेल धुऊन, झटकून, घडी करून ठेवले आणि सकाळी स्वतः एक काढून दादाच्या हातात दिला. शटर अर्धं, आत दादा आणि बगळा. दादा डोक्याने पिकला होता पण त्याची दाढी काळी, बगळ्याला तर मिसरूड धड नाही. टॉवेल परत आला आणि पाण्यात टाकला, तर आलेच वर, पांढरे. मी मोरीत बसून ते बोटावर घेतले, उजेडात धरले. मग पाणी ओतून टाकलं आणि हात घासत बसले. दादाला म्हटलं तर तो म्हणाला, जुनं दुकान आहे गं, फटीफटीत केस असतात. खुर्ची रिकामीच फुस्स करते म्हटलं तर म्हणाला, तिचं वायसर गेलंय. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. फक्त उत्तर देताना तो माझ्याकडे बघायचा नाही.

तुझ्या आईकडे त्याने बघणं सोडलं. पोरगी फळीवर चढून बसायची, बाहुली पुढे करायची, हा तिच्या अंगावरून पलीकडे आरशात बघायचा. जेवताना ताटात काय आहे ह्याचं भान नाही. आवडीचं केलं तरी तेच, उरलंसुरलं वाढलं तरी तेच. घसा खाकरायचा. चालणंसुद्धा बदललं, शिडशिडीत माणूस पण पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, भरल्या अंगाच्या माणसासारखा उतरायला लागला. आणि एक दिवस मी त्याला टॉवेल दिला तर माझ्याकडे वळून, अगदी परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाला, "बाई, टॉवेल छान गरम आहे."

मी त्याची धाकटी बहीण. मला तो चिमणे म्हणायचा. मला हॉकीचं सुखदुःख काही नव्हतं बाळा, पिवळे जिंकोत नाहीतर निळे. मला माझा भाऊ हवा होता. एकदा नवरा गेलेला बघितलाय मी, ते निदान सगळ्यांना दिसलं होतं, चार माणसं येऊन बसली होती. हा तर रोज समोर जेवायला बसतोय आणि रोज थोडा थोडा कमी होतोय, ह्याचं रडू कुणाजवळ रडायचं?

सीझन शेवटाला आला. पहिल्या हरलेल्या मॅचेसनी घोळ करून ठेवला होता, त्यामुळे शेवटची जिंकली तरच पिवळे मोठ्या लीगमध्ये राहणार, नाहीतर खालच्या लीगमध्ये. तिच्या आदल्या मॅचला पेनल्टी कॉर्नर मिळाला समोरच्यांना. त्यात काय होतं, समोरचा एकजण बंदुकीची गोळी सोडावी तसा बॉल मारतो, आणि आपला एकजण गोलमधून धावत सुटून त्याच्या अंगावर जातो, बॉल अडवायला. ते मरणाचं काम बगळा करायचा. बॉल उसळला आणि तोंडावर बांधतात त्या मुखवट्याच्या कडेखालून कानशिलात बसला. बगळा उभ्याउभ्या दुमडला. शुद्धीवर आला, चालत बाहेर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण डॉक्टरने निक्षून सांगितलं, एवढ्यात पुन्हा डोक्याला लागलं तर पोरगा उठायचा नाही. पाटीवाल्याने त्याच दिवशी जाहीर केलं की बगळा शेवटची मॅच खेळणार नाही. गावाने त्याला इतक्या शिव्या घातल्या. मला त्या दिवशी पाटीवाला पहिल्यांदा आवडला.

शेवटच्या मॅचच्या सकाळी शटर अर्धं खाली होतं, आणि बगळा खालून वाकून आत आला. डोळ्याभोवती निळंजांभळं. म्हणाला, "काका, सरांना विचारा. ते म्हणाले खेळ, तर मी खेळणार. पाटीवाला काय करेल, मी सरळ कपडे करून मैदानात उतरतो."

मी पडद्याच्या आतच उभी होते, गरम टॉवेल हातात. मला मौनीबाबा माहीत होता. तो पोरांवर माया करायचा, पण मॅचच्या वर नाही. बोट मोडलेल्या पोराला पट्टी बांधून त्याने खेळवला होता, ते त्याने ह्याच खुर्चीत हसत सांगितलेलं मी ऐकलं होतं. तो काय म्हणणार हे मला विचारायला नको होतं.

दादाने कपडा बांधला. खुर्ची खाली गेली. ह्या खेपेला मी नीट बघत होते, आणि तुला खरं सांगते, तो पांढरा कपडा सपाट नव्हता. पोटावर फुगलेला होता आणि पुढे गुडघ्यांवरून ओघळावा तसा खाली ओघळलेला. आणि तो हलत होता. बारीक, झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर हलते तसा. बगळ्याला दिसत होतं का कोण जाणे, तो जमिनीकडे बघत होता.

दादा गळ्यापर्यंत आला. हं म्हणाला. पुन्हा हं. मग वस्तरा थांबला. आरशात मला त्याचं तोंड दिसलं. ओठ हलत होते, नुसते, आवाज नाही, दुसऱ्या कुणाच्या शब्दांचं माप घेतल्यासारखे.

मी पडदा सारून पुढे झाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. टॉवेल दादाच्या खांद्यावर ठेवला आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "दादा, हे पोर कुणाचं तरी आहे रे. तू बोल. तुझ्या तोंडाने बोल."

त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. हात एकदम हिसकल्यासारखा झाला, कुणी मनगट धरावं आणि त्याने सोडवून घ्यावं तसा. मग तो बगळ्याकडे वळला.

"नको खेळू," म्हणाला. "नाही म्हणतायत. घरी जा."

बगळ्याने विचारलं, नक्की? दादा म्हणाला, नक्की. आणि त्या एवढ्या उंच पोराने तोंड ओंजळीत धरलं आणि लहान मुलासारखा रडला. त्याला किती भीती वाटत होती ते तेव्हा कळलं. मी त्याला शटरखालून बाहेर काढला, पाठीवर हात फिरवला आणि सांगितलं, थेट आईकडे जा, वाटेत कुणाचं ऐकू नको.

आत आले तर दादा खुर्चीकडे बघत उभा. कपडा आता सपाट पडला होता, आत काही नाही. पण गळ्याशी, जिथे गाठ मारली होती त्याच्या जरा वर, रक्त. लाल, ताजं, थेंबाथेंबाने कपड्यावर उतरत होतं. मी दादाचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले. एक एक बोट बघितलं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"ते खेळव म्हणाले होते," दादा म्हणाला. "मी नाही म्हटलं आणि माझा हात हलला. चिमणे, माझ्या हातून आजवर कुणाला वस्तरा लागला नव्हता."

त्याने मला चिमणे म्हटलं, ते मला आधी लक्षातच आलं नाही. मी कपडा सोडला, गुंडाळला आणि मागच्या अंगणात नेऊन जाळला. खणातला तो फडक्यातला वस्तराही त्यातच टाकला. जळताना वास कसला आला माहीत आहे? ओल्या रबराचा. स्टेडियममध्ये त्या वेळी पाणी मारत होते, त्याचा असेल. मी तसंच धरून चालते.

त्या दिवशी दादा मॅचला गेला नाही. मागच्या खोलीत झोपला तो दुपार उलटली तरी झोपलेला. मी आणि तुझी आई गच्चीवर बसलो. कल्लोळ उठायचा, पडायचा, मग एकदा इतकी शांतता झाली की मला टॉवेल फडफडताना ऐकू आले. नंतर कंडक्टर खालून जाताना दिसला, मफलर हातात गोळा केलेला. हरलो, म्हणाला. पिवळे खाली गेले. पाटीवाल्याला गावाने हाकललं, आणि जाण्याआधी तो केस कापायला दुकानात आला होता. बगळ्याला बसवलं त्याचं मला वाईट वाटत नाही, एवढंच बोलला. दादाने त्याचे पैसे घेतले नाहीत, का ते त्याला सांगितलं नाही.

आता उरलेलं सांगते, ते मी आजवर तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

संध्याकाळी दादा उठून गच्चीवर आला. डोळे चोळत, हलका हलका, अंगातून ताप उतरल्यावर माणूस येतो तसा. तुझ्या आईला उचलून खांद्यावर घेतली. तिची बाहुली बघून म्हणाला, हिला टोपी शिवायला हवी. मग मी भीत भीत म्हटलं, दादा, हरले रे पिवळे.

"कोण पिवळे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. स्टेडियमच्या छपराकडे हात केला. तो बघत राहिला, नवीन बांधलेलं काही बघावं तसा. लोक अजून बाहेर पडत होते, त्यांच्या गळ्यात मफलर होते. तसलाच एक त्याच्या खुंटीवर होता, तो त्याने दुसऱ्या दिवशी खुर्ची पुसायला घेतला. हॉकी म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, काठ्या आणि बॉल, तुम्हाआम्हाला परक्या गावचा खेळ ठाऊक असतो तेवढंच. मौनीबाबा आठवत होता, गिऱ्हाईक म्हणून. त्याचं काय बोलणं चालायचं म्हटलं तर म्हणाला, तो कुठे बोलायचा, फार गप्प माणूस. बगळा पुढे कित्येक वर्षं केस कापायला येत राहिला, बायको झाली, पोरं झाली, ती पोरंही आली. दर वेळी तो गेला की दादा मला विचारायचा, हा उंच माणूस माझे पाय का धरतो गं?

मी म्हणायचे, जुनं गिऱ्हाईक आहे, मानतो तुला. काय काय नेलं मौनीबाबाने जाताना, ते मोजायला मी बसले नाही. माझा भाऊ घरी होता. घरच्या मॅचच्या दिवशी आम्ही दोघं गच्चीवर मटार सोलत बसायचो, मधे पातेलं. स्टेडियममधून एकदम हजारो माणसांची आरोळी उठली की दादाचा हात तसाच शेंगेवर थांबायचा. मान वर करून तो ऐकायचा, खूप लांबून कुणी हाक मारतंय असं.

"कोण आहे गं?" विचारायचा.

"कुणी नाही," मी म्हणायचे. "तू सोल."